टाकीमागचा लालभडक माणूस

पाण्याच्या टाकीमागे कुणीतरी लालभडक बसलं होतं.

भर दुपारी पालिकेच्या गच्चीवर ती एकटीच थर्मल कॅमेरा घेऊन उभी होती. तापलेलं ते लाल आणि गार ते निळं, एवढंच त्या कॅमेऱ्याला कळतं. टाकी निळीशार दिसत होती, आणि तिच्या सावलीत हा लाल ठिपका... चक्क हालत होता!

"कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही," टाकीमागून उत्तर आलं.

हा 'कुणी नाही' म्हणजे पालिकेचा लेखाधिकारी निघाला. मांडीवर उघडा डबा आणि तोंडात घास. अंदाजपत्रकाच्या दिवसांत तो ज्याची त्याची मागणी छाटत सुटायचा, म्हणून अख्खी इमारत त्याला 'कात्री' म्हणायची. आणि तिला म्हणायचे 'हवामानबाई'. पाटीवर 'हवामान कक्ष' असं भारदस्त नाव होतं खरं, पण कक्ष म्हणजे एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि ती. तीही करारावर.

"खाली सगळे खातेप्रमुख टपून बसलेत, घास गिळू देत नाहीत," तो ओशाळून म्हणाला. "पण तुम्हाला मी दिसलो कसा?"

"फार तापलाय तुम्ही."

"मी? माझ्याइतका थंड माणूस इमारतीत नाही म्हणतात."

तिने कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बूट काढा."

"अं?"

"काढा तर!"

गच्चीचा अर्धा भाग तिने हट्टाने पांढरा रंगवून घेतला होता, अर्धा काळाच ठेवला होता. त्याने एक पाय इकडे ठेवला, एक तिकडे, आणि काळ्यावरचा पाय "आई गं!" करत उचलला. तिला वाटलं, आता चिडेल. पण तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने बघत राहिला. "एकाच गच्चीवर दोन ऋतू..." तो पुटपुटला.

तिला तो तिथेच थोडासा आवडला. थोडासाच हं.

"पुढच्या उन्हाळ्याआधी सगळ्या शाळांची छपरं अशी करायची आहेत," ती म्हणाली. "सभागृहाने तसा ठराव केलाय, हात वर करून."

"हात वर करायला पैसे पडत नाहीत. गटार तुंबलं तर लोक माझ्या नावाने शंख करतात. तुमचं लक्ष्य हुकलं तर कोण ओरडतं?"

"कुणीच नाही. मुलं वर्गात पेंगतात, एवढंच."

त्याने डब्याचं झाकण लावलं. "कुठली शाळा? दाखवा."

पत्र्याच्या छपराखाली वर्ग भरला होता. त्याने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि गोंधळून गेला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच तांबूस रंग पसरला होता.

"मुलं... मुलं कुठे गेली?"

"आहेत तिथेच," ती हळूच म्हणाली. "भिंती त्यांच्या अंगाइतक्याच तापल्यात. म्हणून वेगळी दिसत नाहीत."

त्याने कॅमेरा खाली घेतला. मुलं समोरच होती, घामेजलेली, वहीने वारा घेणारी. पुन्हा वर घेतला, आणि ती नाहीशी झाली. मग तिने त्याला पलीकडच्या वर्गात नेलं. तिथलं छप्पर तिने नुकतंच रंगवून घेतलं होतं. तिथे पडद्यावर निळसर भिंती होत्या, आणि त्यांच्यापुढे एकेक मूल दिव्यासारखं उजळलेलं. कपाळं, गाल, कानांच्या इवल्या पाळ्या... सगळं कसं लख्ख! तिने हे कितीदा तरी बघितलं होतं, तरी दर वेळी तिचा श्वास अडकायचाच. आज शेजारी आणखी एक श्वास अडकला.

"तुम्ही हे रोज बघता?" त्याने विचारलं. "आणि तरी माझ्याशी इतकं गोड बोललात?"

"अंदाजपत्रक व्हायचंय ना अजून!"

तो हसला. कात्री हसते, ही बातमी इमारतीत कुणाला सांगूनही पटली नसती.

त्यानंतर तो रोज डबा घेऊन गच्चीवर यायला लागला, टाकीच्या मागे न लपता. घरी तिची ताई विचारायची, "काय गं, आज काय काय कापलं त्याने?" आणि ती उगाचच पाणी प्यायला उठायची.

मग एके दुपारी तो डब्याशिवायच तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"छपरं वाचवता येतील," तो म्हणाला. "पण तेवढी रक्कम कुठूनतरी काढावी लागेल. सगळं खरवडून झालं. आता फक्त... तुमचं पद उरलंय."

पंखा कुरकुरत राहिला.

"दुसराही मार्ग आहे. पद ठेवतो, अर्ध्या शाळा पुढच्या वर्षी. कुठलंही बरोबर ठरेल. पण मला ठरवता येत नाहीये — पहिल्यांदाच."

"का?"

"त्यात तुम्ही आहात ना..."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. सगळ्या खात्यांना घाम फोडणारा हा माणूस तिच्या टेबलाची कड घट्ट धरून उभा होता. एवढं मोठं काहीतरी आपल्यामुळे, आपल्यासाठी? तिला भीतीच वाटली, आणि त्या भीतीतही आनंद मावेना.

"छपरं," ती म्हणाली. "सगळी. मला दुसऱ्या शहराच्या पालिकेने बोलावलंय, माझी काळजी नको."

"आणि ते मी कापायचं?"

"तुम्हीच. दुसऱ्या कुणी कापलेलं मला चालणार नाही."

त्याने कापलं. अंदाजपत्रक मंजूर झालं.

तिच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या शाळेच्या छपराचं काम चालू होतं. रंगारी जेवायला उतरले होते, ती एकटीच वर होती. तो बाह्या सरसावून, शिडी चढून वर आला. खाली सगळीकडे पांढरी छपरं उन्हात चमकत होती. इतकी पांढरी, की दोघांनाही डोळे किलकिले करावे लागले. हे आपण केलं, हे काही केल्या खरं वाटेना.

"मी तुमच्या प्रेमात आहे," तो छपरांकडे बघत म्हणाला. "आधी बोललो असतो तर हिशेबात ढवळाढवळ झाली असती."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मग आता मी जाताना बोलताय होय!"

"दर शनिवारी येईन. स्वतःच्या खर्चाने."

"मीही आहे... प्रेमात. केव्हाची," ती म्हणाली आणि त्याच्या हातात ब्रश ठेवला. "पण येताना जुने कपडे आणा. तिथल्या सगळ्या शाळा अजून काळ्याच आहेत."