आबांचा हसरा शॉट

दुसऱ्या दिवशीच्या शोची तिकिटं काढून झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. कल्याणच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर कमलेश आणि त्याची धाकटी बहीण करिश्मा मोबाइलच्या उजेडात सीट नंबर बघत बसली होती. ‘पाताळवेस’चा तिसरा आणि शेवटचा भाग. पहिले दोन दोघांना तोंडपाठ. शेजारचे हरिहरकाका जेवण उरकून नेहमीसारखे शतपावलीला वर आले, तशी करिश्मा म्हणाली, तुमचंही तिकीट काढू का काका. काका कठड्याला टेकले. म्हणाले, तुम्ही जाऊन या पोरांनो, मला नको. म्हाताऱ्या राजाला त्यात चितेवर ठेवतात ना, ते मला बघवणार नाही.

कमलेशला हसू आलं. “काका, ती आग खोटी असते. व्हीएफएक्स.”

“आग खोटीच आहे रे,” काका म्हणाले. “पण लाकडांवर निजलेला माणूस खरा होता. आणि कॅमेऱ्याशी माझा भाचा उभा होता, रवींद्र. त्याच्याच तोंडून ऐकलंय.”

खाली कुणाच्या तरी घरात मालिका चालू होती. तिचा आवाज बंद झाला, आणि मगच काकांनी सांगायला घेतलं.

तीस डिसेंबर दोन हजार चोवीस. सोमवार होता आणि मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे सोमवती. मानपाड्याच्या पुढे एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये सिनेमाचा सेट लागलेला. रात्री साडेदहाला रवींद्र तिथून निघाला. काम साधंच होतं. दिवसभर शूट केलेलं सगळं एका हार्डडिस्कमध्ये भरून ठाण्याला एडिटिंगवाल्यांकडे पोचवायचं, सही घ्यायची आणि घरी जाऊन झोपायचं. प्रोडक्शनची छोटी गाडी होती, हवेत छान गारवा होता, रस्ताही बऱ्यापैकी मोकळा. सहा वर्षं चाललेलं काम संपत आलं म्हणून तो खुशीत असायला हवा होता. पण पायात बारीक कुसळ जाऊन बसावं तसं त्याला काहीतरी सलत होतं.

सलत होते ते आबा.

आबा म्हणजे राजाचं काम करणारे पोपटराव. राहायला ठाकुर्लीला, वय बहात्तर. सगळी उमर नाटकात गेली आणि म्हातारपणी या सिनेमाने त्यांना घरोघरी नेलं. स्वभाव लोण्यासारखा, पण एका बाबतीत हट्टी. सिनेमावाल्यांत एक जुनी रीत आहे. ज्याने मेल्याचं काम केलं, त्याने त्या जागेवरून उठायच्या आधी, चालू कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं. मग मरण कॅमेऱ्यात राहतं, माणसाच्या अंगाला लागत नाही. त्यांच्या सेटवर त्याला हसरा शॉट म्हणायचे. तो कुठे वापरत नाहीत, दाखवत नाहीत. पण घेतात.

त्या संध्याकाळी चितेचा प्रसंग झाला. रंगवलेली लाकडं, वर पांढरं कापड, त्यावर आबा डोळे मिटून. शॉट फार सुंदर झाला, डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण उशीर झालेला, जनरेटरवाला घाई करत होता, आणि पॅकअपची हाक उठली तेव्हा रवींद्रने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून पुढे देऊनसुद्धा टाकलेलं. आबा चितेवरून उठेनात. म्हणाले, माझं हसायचं राहिलंय. दुसरं कार्ड आणायचं म्हणजे गाडीतली पेटी उघडा, पुन्हा सगळं जुळवा, पुन्हा दहा जणांच्या शिव्या खा. रवींद्रला वाटलं, म्हाताऱ्याचं समाधान झालं म्हणजे झालं. तो रिकाम्या कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि रोलिंग म्हणाला.

आबांनी मान किंचित वर केली. चालू असल्याचा लाल दिवा दिसत नाही रे, असं म्हणाले. रवींद्रने सांगितलं, वर टेप लावलीय आबा, तुमच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून.

आबा हसले. पोटभर, लहान मुलासारखे. मग उतरले, त्याच्या गालावर हात फिरवला आणि घरी गेले.

शीळफाट्याला रवींद्र चहाला थांबला तेव्हा अकराला पाच कमी होते. पहिला घोट घेतोय तोच फोन वाजला. आबांची मुलगी, योगिनी. रडत नव्हती, पण आवाज अगदी कोरडा पडलेला. बाबा जेवता जेवता कोसळले म्हणाली. डोंबिवलीच्या हॉस्पिटलात आणलंय, आयसीयूत आहेत, डॉक्टर म्हणतात रात्र निघाली तर बघू. आई बाहेर खुर्चीत बसून आहे. सकाळी पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालून आलेली, अजून पोटात पाण्याखेरीज काही नाही, आणि जागची हलायला तयार नाही.

रवींद्रने विचारलं, मी येऊ का.

“ये. पण आधी एक सांग, दादा,” योगिनी म्हणाली. “शुद्ध जायच्या आधी बाबा एकच विचारत होते. कॅमेरा चालू होता ना?”

रवींद्रने चहाचा ग्लास फळीवर ठेवला.

“दादा?”

त्याने फोन ठेवून दिला. चहा तसाच टाकला, गाडी वळवली. हॉस्पिटलात जाऊन तो काय सांगणार होता? आणि सेटवर तरी जाऊन काय करणार होता, हेही त्याला ठाऊक नव्हतं. आबा आयसीयूत, हसणार कोण? एवढंच कळत होतं की जिथे खोटं केलं, तिथेच उभं राहून ते निस्तरायला हवं. कॅमेरा अजून तिथेच होता. सकाळच्या बारीकसारीक शॉट्ससाठी चितेकडे तोंड करून तसाच ठेवलेला.

शेडच्या फाटकाशी वॉचमन नाथा शेकोटी करून बसलेला. रवींद्रला बघून त्याला काही नवल वाटलं नाही. किल्ली द्यायला उठलासुद्धा नाही. दार उघडंच आहे म्हणाला.

“उघडं कसं?”

“आबा मघाशीच आत गेलेत ना,” नाथा म्हणाला. “मला वाटलं, तुम्हीच सोडलंत.”

रवींद्र उभाच राहिला. मग हळू आवाजात विचारलं, मघाशी म्हणजे कधी. नाथाने अंदाजाने सांगितलं, पावणेअकरा झाले असतील. राजाच्या वेशातच होते. मी हाक मारली, पण बोलले नाहीत काही. नाथाला आत चल म्हटलं, तर तो शेकोटीत काटकी सारत राहिला. अमावास्येला मी त्या लाकडांजवळ जात नाही साहेब, एवढंच म्हणाला.

रवींद्र एकटाच आत गेला.

सगळीकडे अंधार. लाइटची मोठी सामग्री जनरेटरवाला घेऊन गेलेला. भिंतीवरचा एकच बल्ब त्याने लावला. सिनेमातला तो पाताळाचा दरवाजा, थर्माकोलचे खांब, मधोमध चिता. वर पांढरं कापड.

रिकामी.

गाडीतून आणलेल्या पेटीतून त्याने कार्ड काढलं. दोनदा बसलं नाही. तिसऱ्यांदा बसलं. लाल दिवा लागला. दिव्यावर काहीही झाकलेलं नाही हे त्याने बोटाने चाचपून पाहिलं. मग छोट्या स्क्रीनकडे नजर टाकली.

स्क्रीनवर चितेवर आबा होते.

डोळे मिटलेले. हात छातीवर.

त्याने मान वर केली. चिता रिकामी. पुन्हा स्क्रीन.

आबा.

कापड त्यांच्या अंगाखाली दबलेलं होतं. नुसत्या डोळ्यांना मात्र ते सपाट दिसत होतं. शेडमध्ये कसलाही आवाज नव्हता. रातकिडेसुद्धा थांबलेले.

“आबा,” रवींद्र म्हणाला. “कॅमेरा चालू आहे.”

काही नाही.

“देवाशप्पथ चालू आहे, आबा. हसा.”

स्क्रीनवरचा चेहरा आणखी पांढरा होत चाललेला. ओठांच्या कडा काळसर. रवींद्रने स्टँड घट्ट धरला आणि मघाशी फोनवर जे बोलता आलं नाही, ते त्या रिकाम्या लाकडांपुढे बोलला.

“मघाशी चालू नव्हता. मी खोटं बोललो.”

त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“टेप नव्हती, आबा. आत कार्डच नव्हतं. मला घाई होती.”

तेवढ्यात स्क्रीनच्या डाव्या कडेने एक हात आत आला.

बाईचा हात. हिरव्या बांगड्या. सावकाश पुढे सरकत चितेपाशी थांबला. रवींद्रने डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. बांगड्यांचा आवाज मात्र आला. अगदी जवळून.

स्क्रीनवर आबांचा हात छातीवरून उचलला गेला. चाचपडला. सापडलं. बुडणारा माणूस धरतो तसं त्याने ते मनगट धरलं.

बाईचा तो हात त्यांना ओढू लागला.

आबा उठून बसले. डोळे उघडले. सरळ कॅमेऱ्यात पाहिलं...

आणि हसले.

स्क्रीन काळी झाली. बल्बही गेला. अंधारात फक्त रवींद्रचा स्वतःचा श्वास. किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. मग खिशातला फोन थरथरला. बारा वाजून दहा मिनिटं.

“दादा,” योगिनी म्हणाली, आणि आता ती रडत होती. “बाबांनी डोळे उघडले. नर्स म्हणतेय, आधी हसले आणि मग पाणी मागितलं.”

गच्चीवर करिश्माने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतलेल्या. कमलेशने विचारलं, शूट झालं असेल ना ते, क्लिप असेल.

आहे, काका म्हणाले. चाळीस सेकंदांची. त्यात चिता आहे, कापड आहे, दुसरं काही नाही. रवींद्रने ती मला दाखवली, आणि मी दहादा पाहिली असेन. रिकामी आहे.

त्या रात्री रवींद्र तडक हॉस्पिटलात गेला. आयसीयूबाहेर आबांच्या पत्नी, रखमाबाई, खुर्चीत बसलेल्या. योगिनी सांगत होती, आई दहा-साडेदहापासून इथेच आहे, तिची मांडी मोडली नाही, ओठ हलत होते तेवढेच. रवींद्रने वाकून पाय धरले आणि सगळं कबूल करायला तोंड उघडलं. रखमाबाईंनी बोलू दिलं नाही. सोमवतीचा प्रसाद आहे, म्हणाल्या, आणि पिशवीतून पेढा काढून त्याच्या हातावर ठेवला. ठेवताना पदर मागे सरकला.

मनगटावर चार बोटांचे वळ. पलीकडून अंगठ्याचा एक.

त्याची नजर तिथे खिळलेली त्यांनी पाहिली. पदर ओढून घेतला.

“मी गेल्या महिन्यात गेलेलो त्यांच्याकडे,” काका म्हणाले. “आबा मजेत आहेत, तोच हट्टीपणा, तेच हसणं. वर्ष होत आलं या गोष्टीला. रखमाबाईंनी चहाचा कप पुढे केला...”

काकांनी स्वतःचंच मनगट चाचपलं.

“वळ तसेच आहेत. निळे. आत्ताच कुणी हात सोडलाय असे.”