वॉर्निशखालची भिंत

गेल्या वर्षी ऑगस्टच्या एका सकाळी मी डोंगर उतरून बाजाराच्या गावी गेलो, वॉर्निशचे तीन डबे आणायला. लाकडाला लावतात ते, पारदर्शक.

"तीन?" दुकानदार म्हणाला. "कपाट मोठं दिसतंय, न्ताते."

वयस्कर पुरुषाला आमच्याकडे न्ताते, म्हणजे बाबा म्हणतात, आणि बाईला म्म्मे, म्हणजे आई. मी हो म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली. वॉर्निश मला मातीच्या भिंतीला लावायचं होतं, आणि तीस वर्षं विद्यापीठात मी मातीच शिकवली आहे. मातीच्या भिंतीला हवा लागू दिली नाही तर आतली ओल कुठं जाते, हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात फळ्यावर आकृती काढून समजावत असे. तेव्हा पुढं जे झालं ते अज्ञानातून झालं, असं मला म्हणता येत नाही. कशातून झालं तेही नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. प्रयत्न करतो.

आमच्या डोंगरात घराची डागडुजी वाटून घेतलेली असते. छप्पर शाकारायचं पुरुषांनी, भिंती लिंपायच्या बायकांनी. माती आणि शेण कालवून बायका हातानं लेप देतात, आणि तो ओला असतानाच त्यात बोटं ओढून नक्षी काढतात. लितेमा म्हणतात तिला. नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखी दिसते. पुढच्या पावसात ती धुऊन जाते, मग पुन्हा लिंपायचं, पुन्हा काढायची.

माझी बायको, मापुलेंग, हे अडतीस वर्षं करत होती. काम संपलं की मनगटानं कपाळ पुसत दारात यायची.

"यंदाची कशी झालीये?"

"छान."

"बघितली तरी का?"

"बघितली."

"मग सांगा, पानं काढलीत की तास?"

मग मला पुस्तक ठेवून उठावं लागायचं, आणि ती हसायची. "मातीचे मास्तर," शेजारच्या माखाउताला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "घरची माती सोडून सगळ्या जगाची माती ठाऊक."

शेवटची भिंत तिनं ईस्टरला लिंपली. जूनमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, बर्फ पडायच्या आठवड्यात, ती गेली. छातीचं दुखणं होतं. तिला पुरून आलो, माणसं पांगली, आणि त्या दुपारी मी ती भिंत पहिल्यांदा बघितली. म्हणजे खरोखर बघितली. दारापासून खिडकीपर्यंत बोटांच्या रेघा सरळ होत्या. खिडकीच्या पुढं त्या हळूहळू खाली उतरत गेल्या होत्या. तिला हात वर उचलवत नसणार... एप्रिलमध्येच. एके ठिकाणी अंगठा रुतला होता. तिथं ती भिंतीला धरून थांबली असावी. आणि मी आत बसून "छान" म्हणालो होतो.

ऑक्टोबरात पाऊस आला असता आणि ते सगळं दोन-तीन तडाख्यांत गेलं असतं. म्हणून वॉर्निश.

माखाउता कुंपणाशी उभी राहून माझं रंगकाम बघत होती. माझ्याच वयाची विधवा बाई, मापुलेंगची जिवलग. तोंडानं तिखट.

"बायको गेली की कुणी जेवण सोडतं, कुणी दारू धरतं," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीला रेनकोट घातलात."

"फक्त एवढीच बाजू, म्म्मे."

"लितेमा पुसायलाच काढतात, न्ताते मोखेले. पाऊस आला, त्यानं नेली, म्हणजे वरच्या वाडवडलांना पोचली. बाईचं काम तिथं संपतं." तिनं माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. "पण शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार."

मी ब्रश खाली ठेवला नाही.

पावसाळाभर भिंत चकाकत राहिली. बाकी तीन बाजूंची माती ओघळून गेली, मापुलेंगच्या रेघा मात्र जशाच्या तशा. मी रोज सकाळी त्यांच्यावरून हात फिरवायचो. वॉर्निश गार आणि गुळगुळीत लागायचं. माती बोटाला लागत नसे, पण दिसायची.

पाणी वरून, वळचणीखालून आत शिरत होतं. ते मला कळत होतं. मार्चपर्यंत खिडकीच्या पुढं भिंतीला पोट आलं. मुलगी, पुलेंग, राजधानीतून फोनवर ओरडली, "न्ताते, भिंत बसली तर झोपेत गाडले जाल. फोटो काढा आणि खरवडून टाका." मी म्हणालो, हिवाळ्यात वाळेल. वाळणार नव्हती. आतली ओल बाहेर यायला वाटच नव्हती.

जुलैत, कोरड्या थंडीत, मी दुपारचा त्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचो. एकदा तीनच्या सुमारास ओल्या शेणमातीचा वास आला. आमच्याकडे जुलैत ओलं काही नसतं, ओढ्याचंसुद्धा बर्फ झालेलं असतं. मी वाचत होतो, तसाच वाचत राहिलो. मग आवाज आला.

सप्प... सप्प... सप.

दोन लांब, एक आखूड. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

तळहात ओल्या लेपावरून फिरतो तेव्हा होणारा आवाज. ती लय अडतीस वर्षं पुस्तकाच्या पलीकडून माझ्या कानावर पडत आली होती, आणि मधली ती शांतता, ती मनगटानं कपाळ पुसायची. मी भिंतीला कान लावला. आवाज पलीकडून, खोलीतून येत नव्हता. भिंतीच्या जाडीतून येत होता.

मी स्वतःला कारणं सांगितली. ऊन लागून वॉर्निश प्रसरण पावतं, आतलं पाणी सरकतं. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी निम्मे गुण दिले असते. निम्मेच. कारण पाणी सरकताना थांबून कपाळ पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजता. तिसऱ्या दिवशीही.

खरं सांगायचं तर मी घाबरलो नाही. मी खुर्ची आणून ठेवली. तीन वाजायच्या आत जेवण उरकून घ्यायला लागलो. कुणीतरी घरात काम करतंय आणि आपण शेजारी बसलोय, हे सुख मला ती असताना कळलं नव्हतं. एकदा मी बोललोसुद्धा. "पुलेंगची आई," मी म्हणालो, "बस झालं... टेक जरा."

आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण भराभर. सप सप सप सप, मधे न थांबता, कुणी मागं लागल्यासारखा. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत चालला होता. त्या दिवशी मात्र मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी माखाउताला बोलावलं. तिनं भिंतीला कान लावला, डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला.

"किती दिवस?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"तीन आठवडे."

"आणि तुम्ही बसून ऐकत होतात..."

"मला वाटलं, तेवढीच सोबत."

"सोबत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तिचे हात दुखत असतील, असं नाही आलं मनात?"

खरंच आलं नव्हतं.

"बाई गेली, पण काम पुरं झालं नाही तिचं. पुसलंच जाईना, तर संपेल कसं? ती आपली काढतेय, काढतेय..." तिनं पदरासारखं ब्लँकेट छातीशी ओढलं. "पुलेंगला बोलवा. शनिवारी खरवडू. आणि आता तरी नाही म्हणू नका, न्ताते."

नाही म्हणावंसं वाटलं होतं. ते इथं नोंदवून ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी मी त्या अंगठ्याच्या खुणेपाशी बराच वेळ उभा होतो. ती खूण गेली की मला मापुलेंगचा हात पुन्हा कुठंही दिसणार नव्हता, आणि ठेवली तर तिला त्या अंधारात राबावं लागणार होतं. इतकं साधं होतं. तरी मला रात्रभर ठरवता येईना.

शनिवारी सकाळी पुलेंग आली. डोक्याला फडकं बांधून, फावडं हातात, आईसारखीच घाईत. "न्ताते, तुम्ही आत जाऊन चहा प्या," ती म्हणाली. मी गेलो नाही. पहिला घाव मीच घातला. जोर लागलाच नाही. वॉर्निशसकट अख्खा लेप पोपडा सुटावा तसा सुटला, दाराच्या फळीएवढे चार तुकडे. आतली माती काळी आणि चिखलासारखी ओली होती. वास असा आला की माखाउतानं तोंडावर हात धरला.

पुलेंगनं एक तुकडा उलटा केला.

भिंतीकडच्या बाजूलाही रेघा होत्या. बोटांच्या, ताज्या, एकावर एक काढलेल्या. वरती नीट होत्या, तासांसारख्या. खाली खाली नक्षी राहिलीच नव्हती. नुसते ओरखडे होते, सगळे बाहेरच्या बाजूला खणत गेलेले.

"ही आईनं..." पुलेंग म्हणाली. "ती आतून..."

"बोलू नकोस, बाळ." माखाउता खाली बसली, तुकड्यावर तळहात ठेवला आणि शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी बोलली. "झालं गं, मापुलेंग. संपलं काम. हात धू आता."

पुलेंग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही, नुसती मान हलत राहिली.

माखाउताच्या सांगण्यावरून तुकडे अंगणात उघड्यावर मांडले, मातीची बाजू वर करून. दोघींनी मिळून भिंत पुन्हा लिंपली, साधीच. नक्षी काढली नाही. रविवारी पुलेंग परत गेली. त्या दिवसानंतर तीन वाजता मला काही ऐकू आलं नाही. खुर्ची मात्र मी तिथंच ठेवली होती.

सोमवारी उन्हं कलताना मी तुकड्यांपाशी गेलो. निरोप घ्यायला, असं समजा. चौथ्या तुकड्यावर, अगदी खालच्या कडेला, तिच्या ओरखड्यांच्या शेजारी, मला एक तळवा दिसला. ओढलेला नाही, सपाट दाबलेला. कुणी भिंतीला आतून टेकू द्यावा तसा. रुंद होता. बाईचा नव्हता. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली.

मी माझा हात, वाकड्या करंगळीसकट, त्यावर ठेवला. बसला.

तुकडे उचलताना माझाच उमटला असेल. पण मी कडांना धरून उचलले होते, आणि तोवर माती सुकत आली होती. दोघींपैकी कुणी तो पाहिला का, हे मी विचारलं नाही. माखाउता त्या दिवसापासून माझ्याशी जरा जास्तच मायेनं बोलते. मोतोहोचं, आंबवलेल्या ज्वारीच्या पेजेचं, भांडं कुंपणावर ठेवून जाते, थट्टा करत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला. मी दारात उभा राहून बघितलं. मापुलेंगच्या रेघा तासाभरात विरघळल्या. तांबडं पाणी अंगणातून उताराला लागलं आणि ओढ्याकडे गेलं. अडतीस वर्षांत मी तिला कधी पोचवायला गेलो नव्हतो. त्या दिवशी त्या पाण्याबरोबर भिजत कुंपणापर्यंत गेलो. ती गेली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एवढ्या एका गोष्टीबद्दल नाही.

त्यानंतर पाच-सहा वेळा चांगला पाऊस झाला. अंगणात आता तुकडे नाहीत, चिखल आहे. फक्त एक ओंजळभर जागा राहिलीये. तो तळवा. त्याच्यावर वॉर्निश नाही, साधी माती आणि शेण आहे, अर्ध्या तासात जायला हवा होता. तो गेला नाही. पुसलंच जाईना तर संपेल कसं, असं माखाउता म्हणाली होती. उलट दर पावसानंतर थोडा खोल होतो. माखाउता तिथून जाताना वळसा घालते.

आज सकाळी त्यात पाणी साचलं होतं. दोन चिमण्या काठावर बसल्या, वाकल्या आणि न पिता उडाल्या. मी गुडघ्यावर बसून त्यात बोटं बुडवली. गवतावर अजून पांढरं दहिवर होतं, ऊन यायचं होतं. पाणी अंगाइतकं कोमट होतं.