चुकीच्या रांगेतला माणूस

तो येऊन उभा राहिला, त्याआधी चाळीस मिनिटांत माझ्या टेबलापाशी फक्त एक कबुतर आलं होतं.

तेवीस एप्रिल, सांत जॉर्दीचा दिवस. बार्सिलोनात या दिवशी ज्याच्या हातात गुलाब नसतो त्याच्या हातात पुस्तक असतं, आणि ज्याच्या हातात दोन्ही नसतं तो बहुधा लेखक असतो. मी लेखिका होते. रांब्ला या गजबजलेल्या हमरस्त्यावरच्या एका स्टॉलवर मला अकरा ते बारा सह्या करायला बसवलं होतं आणि शेजारच्या टेबलावर टीव्हीवरचा शेफ होता. त्याची रांग चौकाला वळसा घालून पलीकडे गेली होती. माझं पुस्तक होतं गावोगावच्या धुण्याच्या हौदांवर. तेव्हा लांबूनच विचारणाऱ्यांना हात वर करायचा आणि "शेफची रांग तिकडून" म्हणायचं, एवढंच मला काम.

"तू ट्रॅफिक पोलिसात जायला हवं होतंस," माझी प्रकाशक रेमेई म्हणाली. रेमेईच्या जिभेला हाड नाही.

आणि मग हा आला. नाक उन्हाने लाल, हातात शेफचं जाडजूड पुस्तक. पाठीवरच्या पिशवीतून आईसाठी घेतलेला गुलाब डोकावत होता, गव्हाची ओंबी बांधलेला.

"अरे वा! माझ्यापुढे कोणीच नाही? नावाची चिठ्ठी तुमच्याकडेच द्यायची ना?"

रांगेतल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या गोळा करायला मुली असतात. मी त्यांतलीच एक, असं त्याला वाटलं. त्याची तरी काय चूक? स्टॉलवर एकच पाटी होती, शेफच्या नावाची, आणि ती नेमकी माझ्या डोक्यावर टांगलेली. शेफ स्वतः माणसांच्या गराड्यात दिसतही नव्हता.

मी हात उचलला... अर्ध्यावर नेला... आणि खाली घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "येतीलच ते."

का म्हटलं असं? एक तर तो हसला होता. दुसरं म्हणजे इतक्या वेळात माझ्यासमोर कोणी उभंच राहिलं नव्हतं. दोन्ही कारणं खरी आणि दोन्ही लाजिरवाणी.

"शेफ कसा दिसतो तेही मला माहीत नाही," तो म्हणाला. "टीव्ही आई बघते. मला भिंतीपलीकडून त्याचा फक्त आवाज येतो... 'आता कांदा मऊ होऊ द्या.'"

"आणि तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो."

"मग, आभार मानतात?"

"कसले! ओरडतात. परवा मात्र एक जोडपं आतून म्हणालं, अजून दहा मिनिटं लावता का?"

"लावलीत?"

"मग! जिन्यावर बसून सफरचंद खाल्लं."

मी हसले. त्याने वेळ घालवायला टेबलावरचं एक पुस्तक उचललं. माझं.

"धुण्याचे हौद? असलं कोण वाचतं हो?"

"कोणी नाही."

त्याने मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचू लागला. "'एखाद्याचा संसार कसा चाललाय हे त्याच्या चादरी धुणाऱ्या बाईला आधी कळे, आणि गावाला दुसऱ्या मिनिटाला.' भलतीच आगाऊ दिसते ही बाई!"

"आहे खरी."

"भेटायला आवडलं असतं," तो म्हणाला आणि पुढचं पान वाचू लागला. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

बारा वाजले. शेजारी टाळ्या झाल्या, शेफ उठला, त्याने सगळ्यांना हात केला आणि त्याची माणसं त्याला गर्दीतून घेऊन गेली. त्याच वेळी रेमेई ओरडली, "मारिओना, ऊठ, पुढच्या लेखकाला बसू दे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या पुस्तकावरच्या नावाकडे.

"ती बाई... तुम्ही?"

"हो."

"आणि तो जो गेला, तो... शेफ?"

"मला वाटलं, तो उठून इकडे येईल," मी म्हटलं. पहिल्या खोट्याच्या मागोमाग दुसरं अगदी सहज आलं. त्याला ते खरंही वाटलं, हे जास्त वाईट.

त्याचा चेहरा पार उतरला. त्याची आई आसुम्प्ता खुब्याचं हाड मोडून तीन आठवडे इस्पितळात होती. दरवर्षी या दिवशी ती स्वतः रांब्लावर यायची. यंदा तिने त्याला पाठवलं होतं.

"एकच काम सांगितलं होतं तिने. माझं नाव घालून सही आण. मी आत शिरलो की आधी माझ्या हातांकडे बघेल ती."

आता मला खरोखर वाईट वाटलं. "पाच वाजता शेफ ग्रासिया रस्त्यावरच्या स्टॉलवर आहे. मी मिळवून देते सही."

"तुम्ही कशाला उगाच...?"

"मी मोकळीच आहे."

"ती वर्षभर मोकळीच असते," रेमेई म्हणाली. "घेऊन जा."

त्याचं नाव एलोई. आम्ही टोमॅटो चोळलेला पाव खाल्ला. तीनच्या सुमाराला अचानक सर आली, गारांसकट. पुस्तकांवर भराभर प्लास्टिक पडलं आणि आम्ही दोघं एका स्टॉलच्या छपराखाली शिरलो. जागा एकाचीच होती. त्याच्या शर्टाची ओली बाही माझ्या दंडाला लागत होती आणि दोघांपैकी कोणीही सरकत नव्हतं.

"किती चांगल्या आहात तुम्ही," तो म्हणाला. "एका अनोळखी माणसाच्या आईसाठी एवढं करताय..."

हे तो दुपारभर चारदा तरी म्हणाला. प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघितलं.

पाचला पोचलो तर रांग बंद झालेली. स्टॉलवरच्या माणसाला मी माझा लेखकाचा बिल्ला दाखवला. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी मागच्या बाजूने, खोक्यांच्या मधून, गुडघ्यांवर रांगत शेफपर्यंत गेले.

"तू सकाळचीच ना?" शेफ म्हणाला. "सगळ्यांना माझ्याकडे पाठवत होतीस."

"एक सोडून सगळ्यांना," मी म्हटलं आणि त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

त्याने आसुम्प्ताच्या नावाने झोकदार सही ठोकली. "त्याला माहितेय का हे?"

"नाही."

"मग जा आणि सांग. नाहीतर मी येऊन सांगतो."

बाहेर एलोई उभा होता. त्याच्या हातात आणखी एक गुलाब होता.

"हा तुमचा," तो म्हणाला. आता कानही लाल झाले होते.

मला आजवर गुलाब मिळाले नव्हते असं नाही. बँकेने दिलेत, दातांच्या डॉक्टरांनी दिलेत. पण माझ्यासाठी म्हणून कोणी रस्ता ओलांडून जाऊन आणलेला हा पहिलाच. तो मला हवा होता, फार हवा होता. हात पुढे केला असता तर मिळालाही असता.

"आधी ऐका," मी म्हटलं. "शेफ माझ्या शेजारीच बसला होता. तुम्ही चुकीच्या रांगेत आहात हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही निघून गेला असतात."

त्याने गुलाब खाली घेतला. माझ्या हातातून पुस्तक घेऊन सही पाहिली आणि ते पिशवीत ठेवलं.

"दुपारी आईला फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाली, इतका वेळ उभं राहून पाय दुखले असतील रे तुझे."

मग तो वळला आणि चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार? तो सिग्नलपर्यंत गेला. हिरवा दिवा लागला, माणसं पलीकडे गेली, पुन्हा लाल लागला. तो तिथेच उभा होता. मग परत आला.

"हे आईला तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर तिला पटणार नाही."

"काय पटणार नाही?"

"की मी जाऊ नये म्हणून कोणी खोटं बोललं."

"आणि... गुलाब?"

"ते तिच्यावर. चिडली तर दोन्ही तिलाच." तो अजून हसला नव्हता. "भेटायची वेळ आठपर्यंत आहे. चला."

बसमध्ये तो शेजारी बसला, दोन्ही गुलाब मांडीवर घेऊन. मी समीक्षकांना घाबरत नाही, रेमेईलाही नाही. पण पलंगावरून उठताही न येणाऱ्या, मी कधी न पाहिलेल्या एका बाईला मी आवडले नाही तर काय, या विचाराने मी तिला सांगायचं पहिलं वाक्य मनात चौथ्यांदा बदलत होते. प्रेमात पडलेय हे मला असं कळलं. आजच्या दिवसात आणखी काही लपवायची ताकद नव्हती, म्हणून मी त्याला ते तिथल्या तिथे सांगून टाकलं.

एलोईने मांडीवरचे दोन्ही गुलाब सारखे केले.

"हे मात्र," तो म्हणाला, "आईला मी सांगतो."