फ्रीझमधली सही

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला भरदुपारी खिडकी उघडली की डोळ्यांतून पाणी आलंच. फाल्गुनीने ती घट्ट लावून घेतली होती. खाली सासूचं, लाडकंवरबाईंचं मिरचीचं दुकान. वर ही आपला कॉम्प्युटर घेऊन. जगभरचे स्वयंसेवक मिळून लिनक्स नावाची एक फुकट कॉम्प्युटर-प्रणाली चालवतात, त्यातली पायथॉन भाषेची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, ती सांभाळायची. नवी लिनक्स बाहेर पडायची होती, म्हणून फ्रीझ लागला होता. म्हणजे बिघाड तेवढा दुरुस्त करा, नवी आवृत्ती घुसडू नका.

हिने एका पॅकेजची घुसडली. का? तर जुनीवर रिबेकाचं नाव होतं!

नवापूरकडची रिबेका. हिच्या शेजारी बसून काम शिकली, हिच्या पुढे गेली आणि तापाने मेली. तरी लोकांच्या तोंडी तीच. मेलेल्या बाईचा हेवा करायला काय छाती लागते, सांगा! कॉम्प्युटरवर रिबेकाची सही जिच्याशिवाय उमटत नसे, ती किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये होती, दुसरी प्रत नाही. ती फाल्गुनीने आपल्या हाताने शवपेटीत ठेवली. माया म्हणून नव्हे. तिच्या नावाने पुन्हा कोणी काही पाठवू नये म्हणून.

आता नव्या आवृत्तीपायी त्या पॅकेजवर उभी असलेली बाकीची सगळी पॅकेजं कोसळली. जुनी परत लावावी, तर रिबेकाचं नाव परत. फाल्गुनी दात-ओठ खात नुसती बसून राहिली.

आणि समोर स्क्रीनवर, तिने हात न लावता, जुनी आवृत्ती परत आली. तिने सही तपासली. खरी होती. रिबेकाची.

बंद खोलीत ओल्या मातीचा वास दाटला...

"मेल्यावरसुद्धा?" फाल्गुनी ओरडली. "माझं नाव कधी वर येऊ देशील की नाही, भवाने?"

जिन्यातून लाडकंवरबाईंनी सुनेला हाक मारली. "बिनणी, कोनासंगे भांडी ऱ्हायनी तू?"

"कोणाशी नाही, मम्मीजी. एकटीच आहे."

"मंग... हासनं कोन?"

नवी लिनक्स ठरल्या दिवशी निघाली. या मंडळींत एक रीत आहे. आपल्यातलं कोणी गेलं की नवी आवृत्ती त्याच्या नावे अर्पण करायची. यंदा रिबेका, हे फाल्गुनी धरूनच चालली होती. जीव जळत होता, तरी तिने पान उघडलं.

सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तिचंच नाव होतं. खाली देशोदेशीचे शोकसंदेश येत होते. "मी जिवंत आहे," ती घाईघाईने लिहू लागली... जाईना. तिचं खातं बंद केलेलं होतं.

नावाखाली रिबेकाच्या सहीने एक ओळ होती.

"फाल्गुनी गेली. तिला एवढंच हवं होतं."