कोणता कप?

केक रस्त्यावर पडला आणि फुटला नाही, तिथेच सगळं सुरू झालं.

धक्का बेकरीवाल्याचा. पावांचा ट्रे घेऊन तो दारातून पाठमोरा बाहेर पडत होता, आणि ती डबा घेऊन आत्याकडे निघाली होती, केक कुठे बिघडतोय ते विचारायला. डबा उघडला, केक धाडकन आपटला. अख्खाच्या अख्खा!

"वीट कुठून आणलीत?" त्याने तो उचलत विचारलं.

"केक आहे तो!" ती उसळून म्हणाली... आणि रडायलाच लागली. बेकरीवाल्याची पार भंबेरी उडाली. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

आई गेल्यापासून बाबांनी गोडाला हात लावला नव्हता. रविवारी त्यांचा वाढदिवस. आईचाच केक करून त्यांना भरवायचा, असं हिच्या मनाने घेतलेलं. आत्याला प्रमाण तोंडपाठ होतं: दोन कप मैदा, एक कप साखर, तीन अंडी. पण केला की वीट!

"मैदा कसा भरता?" त्याने मापाचा कप पुढे केला. तिने चांगला दाबून भरला. काट्यावर दीडशे ग्रॅम. मग त्याने मैदा चाळला, चमच्याने अलगद सोडला, वरून सुरी फिरवली. एकशेवीस.

"मैदा तोच, कप तोच..."

"हात वेगळा," तो तिच्या हाताकडे बघत म्हणाला, आणि मग घाईघाईने काट्याकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. त्याने केकवर टिचकी मारली. "प्रगती आहे हो, वीटवाली बाई. आज कौल झालंय."

"थट्टा पुरे!"

"तीन अंड्यांना हा मैदा अजूनही जास्त होतोय. आईंचा कप कोणता होता?"

"कोणता म्हणजे? कप तो कप—" ती थबकली. मापाचा कप तर तिनेच परवा विकत आणला होता! आईकडे होता तो चहाचा, निळ्या काठाचा. बाबा अजून रोज त्यातूनच चहा पितात.

शनिवारी तिने तो ओढणीआड लपवून आणला. त्याने चाळलेला मैदा भरला. पंच्याहत्तर ग्रॅम!

"दीडशेच्या अर्धाच की हो!" दोघं एकदम ओरडली. केक त्याच्याच भट्टीत भाजला, आणि इतका फुगला की तिने आनंदाने त्याचा पिठाळलेला हात धरला. सोडायचं मात्र दोघांनाही सुचेना.

रविवारी बाबांनी एक घास घेतला, डोळे मिटले. "तिचाच गं..." म्हणाले, आणि आणखी तुकडा मागितला. मग डोळे पुसत विचारलं, "आणि माझा कप कुठाय? कालपासून पेल्यातून चहा पितोय मी."

ती धावतच बेकरीत आली. कप धुऊन, पुसून त्याने गल्ल्याशेजारी ठेवला होता.

"खाल्ला बाबांनी?"

"दोनदा!"

"वा..." त्याचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे आता तुम्ही यायच्या नाहीत. मला... तुम्ही फार आवडता हो."

तिने काटा त्याच्यापुढे सरकवला. "फार म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांगा."

"काट्यावर नाही मावायचं. कपाने सांगतो. शीग लावून!"

"कोणत्या कपाने?"

तो गोंधळला. मग हळूच निळ्या काठाच्या कपाकडे बोट केलं.

"तो बाबांचा आहे," ती लाजत हसली. "मग चल घरी. त्यांनाच विचार..."