निंबाखालचे बाक

मुलांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुमच्या पायाखालची फरशी तुम्हाला ओळखते. जसे प्रत्येकाचे अक्षर वेगळे, तशी प्रत्येकाची चाल वेगळी. निंबतळे मेट्रो स्थानकाभोवतीच्या सगळ्या पायवाटांवर अशा 'पाऊलवेधी' फरशा होत्या. कोण कुठून निघाले, कुठे पोचले, हे त्या मोजत. जिथून लोक चालत ती वाट टिके. जिथून चालत नसत ती मिटे. वशिला लागू नये म्हणून या मोजणीला कोणीही हात लावायचा नाही, असे रहिवाशांनी मतदान करून ठरवले होते.

त्या दिवशी अकरा पस्तीसला दहा वर्षांची जुई नियंत्रण कक्षात घुसली.

"स्टेशनचं पूर्वेचं दार का बुजवताय? माझे आजोबा तिथूनच डायलिसिसला जातात. वळसा घालून त्यांना जमायचं नाही!"

"बाळ, कुंभारआळीतून त्या दारापर्यंत आठवड्यात चाळीस प्रवास व्हायला हवेत," नगररचनाकार अवंती पेठकर म्हणाल्या. "झालेत चौतीस. बाराला मोजणी संपते."

"खोटं! आळीतले सहा म्हातारे एक दिवसाआड जातात. ते कुठं गेले?"

गणिती नसीम मुजावर यांनी पडद्यावर नोंद काढली. "हे तुझे आजोबा. दर वेळी त्यांचा प्रवास वाटेतल्या निंबापाशी संपतो."

"संपत नाही काही! दम लागतो म्हणून बाकावर बसतात."

नसीम थबकले. "पाय मिनिटभर स्थिर राहिले, की यंत्राला वाटतं माणूस पोचला. पुढे चालला तर तो नवा प्रवास. बाकापासूनचा, आळीपासूनचा नाही."

"ते बाक मीच हट्टानं बसवलं," अवंती पुटपुटल्या. "म्हाताऱ्यांना दारापर्यंत येता यावं म्हणून."

"मग दुरुस्त करा ना!"

"नियम पुढच्या वर्षीच्या मतदानात बदलेल," अवंती म्हणाल्या. " भिंत आज उभी राहील."

पडद्यावर आळीतून सहा ठिपके हळूहळू सरकत होते. आजही सहाजण निघाले होते. अकरा बेचाळीस.

"त्यांना बसू देऊ नकोस," नसीम म्हणाले.

"न बसता अण्णा पोचणारच नाहीत." जुईने क्षणभर ओठ चावला. "काका, यंत्राला बसलेला माणूस दिसतो?"

"छे. त्याला फक्त पाय कळतात."

जुई जिन्याकडे धावली.

ती पोचली तेव्हा अण्णा नुकतेच बाकावर टेकत होते. "अगं, धापा मी टाकायच्या की तू?"

"अण्णा, बसा. सगळे बसा! पण पाय थांबवायचे नाहीत. डावा, उजवा, डावा, उजवा!"

"या वयात कवायत?" शेजारचे दगडूआबा कुरकुरले, पण त्यांचेही पाय हलू लागले.

वर कक्षात दोघे श्वास रोखून पाहत होते. सहा ठिपके जागचे हलत नव्हते, पण विझतही नव्हते. पाच मिनिटांनी ते पुन्हा सरकू लागले. पस्तीस. छत्तीस. अकरा एकोणसाठला अण्णांनी दारात शेवटचे पाऊल ठेवले, आणि आकडा चाळीस झाला.

मेट्रोत खिडकीशी बसल्यावरही अण्णांचे पाय हलतच होते. जुईने त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आता थांबवा."