थिओफानूची हळद

हळद लावून झाली होती. क्षितिजा कुंकवाच्या पुडीत बोट बुडवणार, तेवढ्यात चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई मागून कडाडल्या. काय चाललंय हे, असं जर्मनमधून विचारत होत्या.

तिचं बोट हवेतच राहिलं. समोर पांढऱ्या संगमरवराची शवपेटी, आणि तिच्या कडेला, कपाळावर असावा तसा पिवळा ठिपका. बाहेर कोलोनचा एप्रिल रिपरिपत होता. आखनच्या विद्यापीठात धाग्यांवर संशोधन करणारी, परिषदांमध्ये घडाघडा जर्मन बोलणारी ही मुलगी... पण हळदीकुंकू जर्मनमध्ये कसं सांगायचं? तिनं घाईघाईनं ओला रुमाल काढला.

"पाणी नको. डाग बसेल." मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. "आधी फुंकर मारा."

तिला काही सुचेना, तसा तोच वाकला आणि त्यानं फुंकर मारली. हळद उडाली ती थेट तिच्या काळ्या कोटावर.

"अरेच्चा... तुम्हालाच लागली की हळद," तो बोलून गेला. आपण काय बोललो हे मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान लाल झाले.

त्यानं बाईंना समजावलं — आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीचा असा मान करतात म्हणून. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. मान ठेवा, पण दगडाला हात लावू नका, असं बजावून त्या मेणबत्त्या नीट करायला गेल्या.

दोघं मागच्या बाकावर बसले. तो शार्दूल, नाशिकचा. वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. कामासाठी कोलोनला आला होता, परतीच्या गाडीला वेळ होता, पाऊस लागला म्हणून आत शिरला.

"ही कोण पण? तुमच्या ओळखीतली?"

"थिओफानू. कॉन्स्टँटिनोपलची. हजार वर्षांपूर्वी इथल्या राजपुत्राला दिली. रेशीम आणलं, हस्तिदंत आणलं, तिकडच्या संतांची भक्ती आणली. फार वेळा आंघोळ करते म्हणून इथले लोक नावं ठेवायचे म्हणे."

"मग खरी राजकन्या."

"तेच तर. काहीजण म्हणाले, ही सम्राटाची सख्खी मुलगी नाही, पुतणीबितणी आहे, परत पाठवा हिला." ती थांबली. "नाही पाठवली. पण परत कधी गेलीही नाही. चैत्रात गौरसुद्धा माहेरी येते हो... हिला कोण बोलावणार? आज शुक्रवार, म्हणून मी आले."

शार्दूलनं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "पण नवरा हिच्या आधी गेला, असं लिहिलंय तिथे. मग हळदीकुंकू...?"

"माझ्या आईचाही गेला," क्षितिजा म्हणाली. "मंगळवारी मिरजेत शेजारच्या शोभनाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. आई खिडकी लावून आत बसली होती. फोनवर म्हणाली, वारा फार आहे."

त्यानं मेणबत्त्यांपाशी उभ्या असलेल्या बाईंकडे एकदा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "कुंकू राहिलंय ना? दगडाला नको. समोर जमिनीवर पुडी ठेवा. मी बाईंवर लक्ष ठेवतो."

तिनं ठेवली. आणि नकळत गुणगुणली —

*पाण्यापल्याड दिली लेक, संगं रेशमाचं ओझं*
*वेशीत उभी राहिली, कुणी म्हणेना गं माझं*

"ही ओवी कुठली?"

"आत्ताचीच. आई अशा रचायची दळताना. आता जातं नाही, मिक्सर आहे. पण मिक्सर लावूनही गातेच. काही ऐकू येत नाही, तरी."

शार्दूल हसला. पण असं हसला, की आपल्या घरात कितीतरी दिवसांत कुणी हसलेलं नाही, हे क्षितिजाला एकदम आठवलं.

मग गाड्या सुरू झाल्या. तो वोल्फ्सबुर्गहून यायचा, ती आखनहून जायची, आणि मधे कोलोन. नदीच्या काठानं चालायचं, पुलाशी थांबायचं, कॉफी निवेपर्यंत बोलायचं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तुझ्याकडे रविवारी काय असतं?" तिनं एकदा विचारलं.

"शांतता. वोल्फ्सबुर्गला रविवारी इतकी शांतता असते, की फ्रिज सुरू झाला तरी मी दार उघडायला उठतो. वाटतं, कुणी आलं."

"आणि कोण असतं?"

"दही."

ती हसली, मग हसता हसता थांबली. तिच्याही खोलीत तसंच होतं. संध्याकाळी ती मोठ्यानं म्हणायची, चला, कुकर लावू या. उत्तर यायचं नाही, पण मराठी शब्द भिंतीला लागून परत यायचे, तेवढीच सोबत.

अशी वर्षाची सगळी पानं गळून पुन्हा फुटली. पुढचा वसंत आला तेव्हा तिचा प्रबंध संपत आला होता, आणि शार्दूलनं वोल्फ्सबुर्गला एक मोठं घर पाहून ठेवलं होतं. बाल्कनीचं.

कोलोनच्या फलाटावर, काचेच्या उंच छपराखाली, पावसाच्या आवाजात तो म्हणाला, "ये ना तिकडे. लग्न करू. नोकरी मिळेल तुला... बाल्कनीत तुळस लावू."

क्षितिजानं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते नेहमी उघडं राहायचं. पण बोटं तिथेच राहिली.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "आणि प्रबंध झाला की मी मिरजेला परत जाणार आहे. दोन्ही खरं आहे, शार्दूल. मला त्यातलं एक खोटं करता येत नाही."

"आईंना इथे आणू."

"विचारलं मी. म्हणाली, तिथे मी कुणाशी भांडू?"

तो हसणार होता, पण हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. "मग... मी काय करू इथे?"

"मी काय करत होते तुझ्याआधी? तेच. मोठ्यानं मराठी बोल. घरात कुणी नसलं तरी."

"असं नको बोलूस गं."

गाडीची घोषणा झाली. लोक बॅगा उचलायला लागले. तिला वाटलं, आता हात सोडावा. पण तिनं उलट तो घट्ट धरला, आणि इतके दिवस मनात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"तू येशील का? मिरजेला. आमच्याकडे राहायला."

शार्दूल तिच्याकडे बघत राहिला. कुणी भलत्याच घराची किल्ली हातात द्यावी, तसं.

"घरजावई म्हणतील मला."

"म्हणतील."

"आमचे पद्माकरकाका तर लग्नालाच यायचे नाहीत."

"जेवायला येतील. लग्नाला नाही आले तरी."

आता मात्र तो हसला, आणि हसतानाच त्याचे डोळे भरून आले. "क्षितिजा, मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या बहिणीला लहानपणापासून सांगायचे, तुला जायचंय, तुला जायचंय. मला कुणी म्हणालंच नाही... की तुलाही कधी जावं लागेल."

"जावं लागेल असं नाही. येतोस का, एवढंच विचारलंय. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण."

"माहीत नाही," तो म्हणाला. खरं बोलला, म्हणूनच तिला तो आणखी आवडला, आणि म्हणूनच जास्त दुखलं.

गाडी आली. तो चढला, खिडकीशी बसला. या वेळी त्यानं हात हलवला नाही, हसलाही नाही. कपाळ काचेला टेकवून तो नुसता विचार करत होता, आणि ते तिच्यापासून लपवतही नव्हता. क्षितिजा फलाटावर एकटी उभी राहिली. तिची आखनची गाडी यायला अजून वेळ होता. छपरावर पाऊस वाजत होता.

डबे हळूहळू सरकले. पूल ओलांडून गाडी पूर्वेकडे निघाली... आणि आपलं माणूस, आपली भाषा, आपलं अंगण सोडून परक्या दारात जायचं की नाही, हा लेकींचा जुना प्रश्न त्या दिवशी एका पुरुषाच्या शेजारी बसून गेला.